पासंग

"मॅडम, मास्टरची पोझिशन शून्य का येत नाही?"

रांजणगाव एमआयडीसीतल्या आमच्या स्टँडर्ड रूममध्ये सेकंड शिफ्टला एका नव्या मुलानं मला हा प्रश्न विचारला. डिप्लोमा करून नुकताच लातूरकडून आलेला होता आणि कारेगावात चौघांत एक खोली घेऊन राहत होता. बाहेर एप्रिलचं ऊन होतं, आत मात्र नेहमीचे २० अंश. सीएमएम या मोजमापाच्या यंत्राच्या काळ्या ग्रॅनाइटवर त्यानं मास्टर रिंग ठेवली होती. रिंगच्या मध्याला शून्य धरून तीच रिंग तो पुन्हा पुन्हा मोजत होता. प्रोबचा लाल रूबीचा मणी रिंगच्या आतल्या भिंतीला टेकायचा, टक् असा बारीक आवाज यायचा आणि स्क्रीनवर आकडा उमटायचा. ०.००२. ०.००४. ०.००१. ०.००३.

रिंग जागची हललेली नव्हती. मध्य तोच होता. तरी शून्य काही येत नव्हतं, आणि शून्याच्या खालचा आकडा तर एकदाही आला नव्हता.

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि थांबले. हाच प्रश्न दहा वर्षांपूर्वी मी विचारला होता. तेव्हा समोर रिंग नव्हती, सूर्यावरचा डाग होता.

त्याही आधी, शाळेत असताना, याचं अर्धं उत्तर मला अण्णांनी देऊन ठेवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. अण्णा म्हणजे माझे वडील. आमची काही जमीन एमआयडीसीत गेली, राहिलेल्या तुकड्यात कांदा आणि थोडी ज्वारी. बाजारात काहीही विकायचं किंवा घ्यायचं असलं की समोरच्याला अण्णा आधी एकच गोष्ट सांगायचे, "रिकामी तागडी उचलून दाव." दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी आडवी राहते का, ते बघायचं. एक पारडं झुकलं तर दुसऱ्या बाजूला खडा, चिंचोका, जे असेल ते लावून दांडी सरळ करायची. त्याला पासंग म्हणतात. पासंग बघितल्याशिवाय माप खरं धरायचं नाही, हा त्यांचा नियम. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले तरी त्यांची सवय गेली नाही. पोतं टाकायच्या आधी ते काट्याजवळ जाऊन वाकून आकडा बघत आणि मग मागे सरकत.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, २०१४ च्या जानेवारीत, सूर्यावर एक मोठा डागसमूह पृथ्वीच्या समोर आला. त्याचा नोंदणी क्रमांक ११९४४. पुण्यात माझं प्रोजेक्ट नुकतंच सुरू झालं होतं आणि सरांनी मला तोच डाग दिला. नासाच्या 'सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी' या उपग्रहाची निरीक्षणं कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. कारेगावची मुलगी पुण्यातल्या हॉस्टेलच्या खोलीत बसून सूर्याच्या डागाचं चुंबकत्व मोजते आहे, याचा मला मनापासून आनंद होता. सुट्टीत घरी आले की अण्णा विचारायचे, "तिथं जाऊन कोण मोजून आलं?"

कुणीच तिथं जात नाही, हीच तर या कामातली गंमत. जे काही कळतं ते उजेडावरून. १८९६ मध्ये पीटर झीमन यांनी प्रयोगशाळेत दाखवलं, की चुंबकक्षेत्रात ठेवलेल्या ज्योतीच्या वर्णरेषा रुंदावतात. पुढे त्या रेषा फुटलेल्याही स्पष्ट दिसल्या. १९०८ मध्ये जॉर्ज एलरी हेल यांना अमेरिकेतल्या माउंट विल्सनवर सूर्यडागाच्या उजेडात तसंच फुटणं दिसलं आणि डाग म्हणजे प्रचंड चुंबकक्षेत्राची जागा, हे पहिल्यांदा कळलं. आपल्या पृथ्वीचं चुंबकक्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असतं. मोठ्या डागाच्या गाभ्यात ते अडीच-तीन हजार गॉसपर्यंत जातं.

पण हे फुटणं किती असतं? आमच्या उपग्रहाची रेषा लोखंडाची, तरंगलांबी ६१७.३ नॅनोमीटर. अडीच हजार गॉसमध्ये ती साधारण ०.०११ नॅनोमीटर सरकते, म्हणजे स्वतःच्या पंचावन्न-छप्पन हजाराव्या भागाइतकी. क्षेत्र कमी असेल तर रेषा फुटलेली दिसतच नाही, नुसती जराशी पसरते. मग उजेडाच्या दुसऱ्या गुणाचा आधार घ्यावा लागतो. तो गुण म्हणजे ध्रुवीकरण, उजेडाच्या लाटेचं कंपन कोणत्या दिशेत होतं ते. चुंबकक्षेत्र आपल्या नजरेच्या रेषेत असेल, आपल्याकडे येणारं किंवा आपल्यापासून दूर जाणारं, तर उजेडात गोल फिरणारं ध्रुवीकरण येतं. क्षेत्र नजरेला आडवं असेल तर सरळ रेषेतलं येतं. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये हे सगळं चार संख्यांत बसवलं. आम्ही त्यांना आय, क्यू, यू, व्ही म्हणतो. आय म्हणजे एकूण उजेड. व्ही नजरेच्या रेषेतल्या क्षेत्राचा, क्यू आणि यू आडव्या क्षेत्राचे.

आणि या चारही संख्यांवर नॉइज बसलेला असतो.

नॉइज म्हणजे यंत्राचा बिघाड, असं मी तेव्हा समजत होते. सरांनी पहिल्याच आठवड्यात ते डोक्यातून काढून टाकलं. यंत्र निर्दोष असलं तरी उजेड स्वतः थेंबाथेंबानं येतो. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचे थेंब मोजा. पाऊस अगदी एकसारखा असला तरी या मिनिटाला दहा हजार थेंब पडले तर पुढच्या मिनिटाला शंभर कमी किंवा शंभर जास्त पडतील. शंभर हे दहा हजाराचं वर्गमूळ. दहा हजारावर शंभर म्हणजे एक टक्का. हाच नॉइज हजारात एक भागावर आणायचा तर दहा लाख थेंब मोजायला हवेत. दहापट स्वच्छ मापासाठी शंभरपट उजेड लागतो.

आता डागाकडे बघा. डाग काळा का दिसतो? तिथलं जोरदार चुंबकक्षेत्र खालून उकळून वर येणारा तप्त वायू अडवून धरतं. भोवतालचा पृष्ठभाग ५,८०० केल्व्हिनच्या आसपास असताना डागाचा गाभा चार हजारांच्या आसपास उतरतो. चुंबकत्व जिथं सगळ्यात जास्त, तिथंच उजेड सगळ्यात कमी. दृश्य प्रकाशात गाभा भोवतालच्या एक दशांश इतकाच उजळ असेल, तर तिथला नॉइज उजेडाच्या तुलनेत तिपटीहून जास्त होतो. शिवाय बाजूचा लखलखीत उजेड दुर्बिणीतून सांडून गाभ्यात मिसळतो आणि तिथल्या खऱ्या खुणा पातळ करतो. जे मोजायला आपण गेलो, त्यानंच मोजायचं साधन काढून घेतलेलं असतं. हे मला पहिल्यांदा नीट समजलं त्या रात्री मला झोप लागली नाही. गाभ्यातली एक-एक चौकट, सूर्यावर साधारण ३६० किलोमीटर लांबी-रुंदीची, मी स्क्रीनवर मोठी करून बघत बसले होते.

माझी चूक मात्र गाभ्यात झाली नाही. ती डागाच्या बाहेर, भरपूर उजेडात झाली.

मार्चच्या सुमाराला मी आडव्या क्षेत्राचा नकाशा काढला. गाभ्याभोवतीच्या फिकट झालरीत क्षेत्र वाकून आडवं होतं, ते तसं दिसलंच. पण झालर संपल्यावरही नकाशा कोरा होत नव्हता. डागापासून दूर-दूरपर्यंत शंभर-सव्वाशे गॉसचं आडवं क्षेत्र पसरलेलं दिसत होतं. नजरेच्या रेषेतलं क्षेत्र त्याच ठिकाणी दहा गॉसच्या आतच होतं. मला वाटलं, डागाचं क्षेत्र छत्रीसारखं पसरलंय आणि मी त्याचा काठ शोधते आहे. प्रेझेंटेशनमध्ये मी तसं ठळक अक्षरात लिहिलं. आठ दिवस मी त्याच्याच नादात होते. फोनवर अण्णांनाही सांगून टाकलं.

सरांनी नकाशा शांतपणे बघितला. म्हणाले, "डागापासून अजून लांब जा. सूर्यबिंबाच्या पार दुसऱ्या बाजूला, जिथं काहीच नाही."

गेले. तिथंही शंभर-सव्वाशे गॉस.

"आता एक सूर्य तू स्वतः बनव. त्यात चुंबकक्षेत्र शून्य ठेव. उपग्रहाइतकाच नॉइज वरून टाक आणि तुझ्याच प्रोग्रामनं मोज."

दोन दिवस लागले. संगणकात मी चुंबकत्व नसलेला सूर्य बनवला. सगळीकडे तीच एक वर्णरेषा, न फुटलेली, ध्रुवीकरण नसलेली. त्यावर नॉइज टाकला आणि तोच प्रोग्राम चालवला. नकाशा उमटला. आडवं क्षेत्र शंभर गॉसच्या घरात, सगळीकडे.

मी माझ्याच नॉइजचा नकाशा काढला होता. डागाचा म्हणून.

सरांनी फळ्यावर जे लिहिलं ते मी आजही नव्या मुलांना लिहून दाखवते. व्हीला चिन्ह असतं, अधिक किंवा वजा. नॉइज त्याला कधी वर ढकलतो, कधी खाली. भरपूर वाचनांची सरासरी घेतली की ढकलाढकल फिटते आणि शून्य जिथं होतं तिथं शून्य येतं. आडव्या क्षेत्राचा मार्ग वेगळा. क्यूचा वर्ग, यूचा वर्ग, दोन्हींची बेरीज, मग वर्गमूळ. वर्ग केला की वजाचं अधिक होतं. क्यू आणि यू खरोखर शून्य असले तरी त्यांच्यावरचा नॉइज शून्य नसतो, आणि त्याचे वर्ग एकमेकांत फिटत नाहीत, साठत जातात. नॉइज अशा वेळी माप नुसतं अंधूक करत नाही, एका बाजूला ओढतो. रिकाम्या जागी काहीतरी आहे असं दाखवतो. व्ही खरा आणि आडवं क्षेत्र खोटं मोठं, मग दोन्हींवरून काढलेला क्षेत्राचा कोनही आडव्याकडे झुकतो. शांत सूर्य आडव्या क्षेत्रानं भरलेला वाटायला लागतो.

त्याहून वाईट पुढं होतं. क्षेत्र कमी असतं तेव्हा सरळ रेषेतलं ध्रुवीकरण आडव्या क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे बदलतं. म्हणून क्षेत्र काढताना आणखी एक वर्गमूळ घ्यावं लागतं. याचा अर्थ असा, की चौपट उजेड गोळा करून नॉइज अर्धा केला तरी खोटं आडवं क्षेत्र अर्धं होत नाही. ते अर्धं करायला सोळापट उजेड हवा. "म्हणून नुसत्या मोठ्या दुर्बिणीनं हा प्रश्न सुटत नाही," सर म्हणाले. "तुझा पासंग किती, हे तुला माहीत पाहिजे."

पासंग हा शब्द सरांनीच वापरला. मी वहीत तो लिहिला, त्याखाली रेघ ओढली, आणि अण्णांची तागडी डोळ्यांसमोर आली.

मला लाज वाटली होती. ती घालवायला सरांनी मला बाकीच्यांचं काम वाचायला दिलं. २००६ साली सोडलेल्या जपानच्या 'हिनोदे' उपग्रहानं शांत सूर्यावर आडवं क्षेत्र भरपूर दाखवलं, तेव्हा त्यातलं खरं किती आणि नॉइजचं किती, यावर जगभरातले जाणकार कित्येक वर्षं वाद घालत होते. २०११ मध्ये बोरेरो आणि कोबेल यांनी मुद्दाम नॉइज घालून तपासून दाखवलं, की नुसत्या उजेडाच्या थेंबांच्या नॉइजमधूनसुद्धा आडवं क्षेत्र उभं राहतं. आपल्याकडे उदयपूरच्या सौर वेधशाळेतल्या संजीव तिवारी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये उलट बाजूनं तपासणी केली. त्यांनी कागदावर एक डागांची जोडी बनवली. तिच्या चुंबकक्षेत्राचा पीळ किती आणि ऊर्जा किती, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. तिच्यापासून येणारा उजेड गणितानं काढला, त्यावर हजारात एक भागाच्या आसपासचा नॉइज टाकला आणि पुन्हा मोजलं. एकदा नाही, शंभर वेळा. पिळाची दिशा नॉइजमुळे उलटली नाही, आणि त्यांच्या गृहीतकांत बसणाऱ्या क्षेत्राची ऊर्जा अर्ध्या टक्क्यापर्यंतच्या अनिश्चिततेत काढता आली.

ते वाचून मला धीर आला. जिथं क्षेत्र जोरदार आहे तिथं नॉइज उत्तर मोडत नाही. अडीच हजार गॉसवर त्याचा झुकाव नगण्य असतो. तो फसवतो ते रिकाम्या आणि जवळजवळ रिकाम्या जागी. त्यामुळे कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा आणि कुठल्यावर नाही, हे सांगता येतं, फक्त त्यासाठी आधी रिकामी जागा मोजावी लागते.

याच दिवसांत सरांनी मला कुलाब्याची गोष्ट सांगितली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीचं चुंबकत्व नोंदलं जात होतं. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी एका मोठ्या डागसमूहावर लखलखाट पाहिला. त्यानंतर एक दिवस उलटायच्या आत पृथ्वीवर जे चुंबकीय वादळ आलं, त्यात कुलाब्याच्या सुईनं सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण दाखवली. तिथले निरीक्षक डोळ्यांनी वाचन घेत आणि वादळ सुरू झालं की थोड्या-थोड्या मिनिटांनी घेत. त्या वह्या टिकल्या, म्हणून दीडशे वर्षांनंतर अभ्यासकांना त्या वादळाचा अंदाज बांधता आला. पण घसरण किती, हे सांगायला वादळाचा आकडा एकटा पुरत नाही. वादळ नसलेल्या शांत दिवसांची वाचनंही तितक्याच निगुतीनं घेतलेली असावी लागतात. शांत दिवसांचं माप म्हणजे त्या वादळाची रिकामी तागडी.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेनं सुई थरथरणार, हे उघड होतं. वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ मध्ये चुंबकीय निरीक्षणं अलिबागला नेली गेली. तिथली इमारत लोखंड टाळून बांधली. आणि दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी मापं घेतली, म्हणजे जुन्या मालिकेला नवी मालिका नीट जोडता यावी. त्यानंतर १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. नॉइज यायच्या आधी तिथून उठून जाणं, आणि जाताना दोन्ही तागड्यांतला फरक मोजून ठेवणं. मी अलिबागला गेले होते तेव्हा त्या वेधशाळेच्या फाटकासमोर बराच वेळ उभी होते. समुद्राचा आवाज येत होता. आत शंभराहून जास्त वर्षं कुणी ना कुणी शांत दिवस मोजतंय, हे मनात घोळत होतं.

एम.एस्सी. झाली त्या वर्षी अण्णांना हार्ट अटॅक आला. ताईचं लग्न झालेलं. पीएच.डी.चा अर्ज मी भरला नाही. घरापासून सात-आठ मिनिटांच्या अंतरावर नोकरी मिळाली, क्वालिटी विभागात. पहिले काही महिने मी हायवे ओलांडताना वर बघायची नाही. शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बसेस, माल भरलेले ट्रेलर, डबे घेऊन चालत निघालेली पोरं, चहाच्या टपऱ्या, खोल्यांच्या रांगा. सूर्य या सगळ्यांवर तसाच तापायचा. आपण त्याला सोडून आलो, असं वाटत राहायचं.

मग एक दिवस कारेगावातच छोटं वर्कशॉप चालवणारे एक काका आमच्याकडे आले. दोन मशीन, पाच माणसं. त्यांच्या एका पार्टमधल्या भोकाची पोझिशन आमच्या रिपोर्टमध्ये वरचेवर मर्यादेबाहेर जात होती. ड्रॉइंगवर मर्यादा होती २० मायक्रॉन. कधी १२ यायची, कधी ९, मध्येच २३. माल परत जायचा. रिपोर्टमध्ये भोक ज्या दिशेला सरकलेलं दिसे, त्याच्या उलट दिशेला काका फिक्स्चर सरकवायचे. पुढच्या रिपोर्टमध्ये ते दुसरीकडेच सरकलेलं दिसायचं. पंधरा दिवस त्यांचं हेच चाललं होतं. डोळे तांबारलेले होते. म्हणाले, "ताई, माझं मशीन खराब झालंय का, एवढंच सांगा. विकून टाकतो."

मी त्यांच्या मालातला एकच पार्ट उचलला. आमच्या फिक्स्चरवर बांधला, मोजला, सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा मोजला. तीस वेळा. पोझिशन हा आकडा कसा निघतो ते मला माहीत होतं. एक्सचा फरक, त्याचा वर्ग. वायचा फरक, त्याचा वर्ग. बेरीज, वर्गमूळ, मग दुप्पट. कागदावर ते सूत्र लिहिलं आणि माझा हात थांबला. क्यू आणि यू. तेच सूत्र होतं ते.

म्हणून मी पोझिशनचा रकाना झाकला आणि एक्स-वायचे आकडे चिन्हांसकट मांडले. एकच पार्ट, तरी दोन्ही दिशांना वाचनं सरासरीभोवती साधारण ५ मायक्रॉननं पसरलेली. तीस एक्सची सरासरी आली अधिक ०.८. तीस वायची वजा ०.५. भोक जवळजवळ बरोबर जागेवर होतं. आमच्या मोजण्यात ५ मायक्रॉनचा पसारा होता, आणि गणित सांगतं की एवढ्या पसाऱ्यात अचूक जागेवरच्या भोकाचीही पोझिशन सरासरी साडेबारा मायक्रॉन दिसते. सातातून एकदा ती वीसच्या पुढे जाते. निर्दोष पार्ट सातातून एकदा नापास. काका प्रत्येक वेळी त्या नॉइजच्या मागे फिक्स्चर पळवत होते. असं पळवलं की मोजमापातला पसारा मालात उतरतो आणि एकूण पसारा जवळपास १.४ पट होतो. त्यांच्या मशीनला काही झालं नव्हतं. चूक आमच्या टेबलावर होती, आणि ते टेबल माझ्या ताब्यातलं होतं.

फिक्स्चर सोडवून उलटं केलं. ज्या पॅडवर पार्ट टेकतो, त्यातल्या एका पॅडच्या कडेला धातूची बारीक बर चिकटलेली होती, नखाला लागेल न लागेल एवढी. पार्ट दर वेळी तिच्यावर जरा वेगळा बसत होता. ती काढली, पॅड पुसले, पुन्हा तीस वाचनं घेतली. पसारा २ मायक्रॉनवर आला. मी काकांना एक्स-वायचा कागद दाखवला. वाचनांचे ठिपके शून्याभोवती गोळा झालेले. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे मी जागेवरच होतो?"

"हो काका. जागेवरच होता."

त्या दिवशी घरी जाताना मी हायवेवर वर बघितलं. मावळतीला सूर्य धुळीत लाल झाला होता.

तेव्हापासून आमच्याकडे दोन गोष्टी ठरून गेल्या आहेत. नवं फिक्स्चर आलं की मालाआधी मास्टर मोजायचा, एकदा नाही, तीसदा, म्हणजे आपला पासंग कळतो. आणि चिन्ह पुसण्याआधी सरासरी घ्यायची. वर्ग नंतर. वर्ग केला की डावं-उजवं, वर-खाली, सगळं एकाच बाजूला जमा होतं. ते मागून वेगळं काढता येत नाही. सूर्यावरचं अशक्त आडवं क्षेत्र शोधणारे अभ्यासकही हेच करतात. शेजारच्या चौकटींचे, एकामागून एक क्षणांचे क्यू आणि यू आधी सरासरीत मिसळतात, मग त्यांचं मोजमाप काढतात.

लातूरच्या त्या मुलाला मी हे सगळं एका शिफ्टमध्ये सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "पोझिशन बघू नकोस. एक्स आणि वाय लिहून काढ, चिन्हासकट." त्यानं लिहिलं. अधिक, वजा, वजा, अधिक. बेरीज करत करत तो हळूच म्हणाला, "शून्याकडे चाललंय." त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं.

त्यानंतर महिनाभरात, १० मे २०२४ ला, अक्षय्य तृतीया होती. त्या आठवड्यात सूर्यावर १३६६४ क्रमांकाचा डागसमूह वाढत वाढत पृथ्वीच्या पंधरापट रुंदीचा झाला होता. दुर्बीण न लावताही दिसत होता, फक्त ग्रहणाचा चष्मा हवा. २५ ऑक्टोबर २०२२ च्या ग्रहणाला घेतलेला चष्मा मी कपाटातून काढला. काचेवर ओरखडा नाही ना, ते उजेडासमोर धरून तपासलं. सकाळी घरात आमरसाची तयारी चालली होती. मी अण्णांना गच्चीवर नेलं आणि चष्मा दिला.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर धरला आणि मान वर केली. थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"एक काळा ठिपका आहे."

"तोच. त्यात पंधरा पृथ्व्या ओळीनं मावतील."

अण्णांनी मान खाली घातली, मग चष्मा डोळ्यांवरून काढला. तो उलटा केला, डावीकडची काच उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. पुन्हा डोळ्यांवर घट्ट धरला आणि पुन्हा वर बघितलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"चष्म्यावर असता तर फिरला असता," ते म्हणाले. "आहे तिथंच आहे."